शिवोलीचा रेमो, बोईसरमधून ऐकताना

बोईसर पूर्वेला एमआयडीसीच्या शेवटच्या कंपन्या मागे पडल्या की पाडे सुरू होतात. मे महिन्यात त्यातल्याच एका पाड्यावर हळदीला गेलो होतो. अंगणाच्या कडेला टेम्पो, टेम्पोत बेंजोवाले, बाजूला माणसापेक्षा उंच स्पीकर. कोळीगीतं झाली, ‘गुलाबी साडी’ झालं, एक अहिराणी झालं. मग कुणीतरी ओरडलं, “ए, तारपा लाव!” कीबोर्डवाल्याने बटण दाबलं आणि तारप्यासारखा ताणलेला, किंचित नाकातला आवाज सुरू झाला. खाली डीजेचा ठेका. पोरापोरींनी कमरेत हात घालून गोल धरला. मीही शिरलो. मजा आली, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट खटकली, तीही परतीच्या रिक्षात बसल्यावर. गोलाच्या मध्ये कोणीच नव्हतं.

तारप्याच्या नाचात तारपावाला मध्ये असतो. वारली चित्रातला तो माणसांचा वेटोळा आठवा, जो आता मगांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सगळीकडे असतो. त्याच्या मधोमध एक माणूस काहीतरी लांबुडकं फुंकत उभा दिसतो, तोच हा. वाळवलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, सगळं मेणाने घट्ट बसवलेलं आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा श्वास तोडत नाही. गालात हवा धरून ठेवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून आवाजाला खंड नसतो. तो चाल बदलतो तसे नाचणाऱ्यांचे पाय बदलतात. तारपावाल्याकडे पाठ करायची नाही, हा नाचाचा नियम. आणि त्याला हंगाम असतो. पावसाळा सरत येतो, भात पिकायला लागतं, तेव्हापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. मे महिन्यात तारपा वाजतोय, हे मुळात बटणाचंच काम.

मी वारली नाही. वडील एमआयडीसीत नोकरीला आले म्हणून मी बोईसरचा. त्यामुळे ह्या विषयावर फार ठासून बोलायचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण गाणी करणारे चार-पाच मित्र आहेत, खोलीत बसून लॅपटॉपवर बीट बनवणारे, आणि आमच्यात एकच वाद सारखा चालतो. आपल्या इथलं काहीतरी घेऊन आपलं नवीन गाणं करायचं, तर ते नक्की कसं करायचं? दरवेळी कुणीतरी म्हणतं, तारप्याचा सॅम्पल टाकू. दरवेळी मला रेमो आठवतो. त्या रात्री रिक्षातही मी हेडफोनवर रेमोच ऐकत होतो.

रेमो फर्नांडिस. तुम्ही पंचविशीच्या आत असाल तर नाव कदाचित माहीत नसेल, आवाज मात्र ऐकलेला आहे. ‘बॉम्बे’ (१९९५) मधल्या हिंदी ‘हम्मा हम्मा’तला तो खट्याळ आवाज त्याचा. ‘प्यार तो होना ही था’चं (१९९८) शीर्षकगीत जसपिंदर नरुलाबरोबर त्यानेच गायलंय. पण एवढ्यावर रेमोची ओळख करून देणं म्हणजे एखाद्या खानावळीची तारीफ तिच्या पापडावरून करणं. खरा रेमो त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आहे.

त्याचा जन्म १९५३चा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. म्हणजे बालपणाचा पहिला तुकडा पोर्तुगिजांच्या राज्यात, पुढचा भारतात. शाळेत असतानाच मित्रांचा बँड. मग मुंबईत वास्तुकलेचं शिक्षण. सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या गाडीला हात दाखवत भटकंती, रस्त्यावर उभं राहून गाणं. आणि मग परत शिवोलीला.

ह्या ‘परत’वर जरा थांबू. गोव्याचा संगीतकार म्हटलं की तो मुंबईला जायचा, हा अलिखित कायदा होता. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही माणसं गोव्यातून आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदाचा कणा झाली. आपण ज्या गाण्यांना संगीतकाराच्या नावाने ओळखतो, त्यातले व्हायोलिनचे आणि ट्रम्पेटचे तुकडे कुणा गोवेकराने लिहिलेले असायचे. ख्रिस पेरी आणि लॉर्ना ह्या जोडीने जॅझमध्ये भिजलेली कोकणी गाणी दिली, तीही मुंबईच्या नाइटक्लबांतून घडलेली. एवढंच काय, तियात्र हा गोव्याचा म्हणून मिरवला जाणारा नाट्यप्रकार, त्याचा पहिला प्रयोगसुद्धा १८९२ मध्ये मुंबईतच झाला. गोव्याच्या आवाजाला मोठं व्हायचं तर मुंबईची भट्टी लागायची. रेमोने ती नाकारली, निदान सुरुवातीला तरी. मुंबई बघून, युरोप बघून तो गावातल्या घरात येऊन बसला.

तिथे बसून त्याने १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ केला. घरीच, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर. तुमच्या फोनमधल्या फुकटच्या ॲपमध्ये आज हवे तेवढे ट्रॅक मिळतात, म्हणून ह्या चाराचा अर्थ सांगायला हवा. आधी गिटार वाजवायची. टेप मागे घ्यायची, ती ऐकत दुसऱ्या ट्रॅकवर दुसरं वाद्य. मग तिसऱ्यावर आणखी काही. आता आवाजासाठी आणि कोरससाठी जागा हवी, तर आधीचे तीन मिळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसायचे. एकदा पुसले की संपलं. गिटार जास्त मोठी झाली असं नंतर वाटलं तरी काही करता येत नाही. प्रत्येक थर टाकताना खालची फुसफुस थोडी वाढते. म्हणजे गाणं कसं वाजणार आहे हे रेकॉर्डिंगच्या आधी डोक्यात पक्कं असावं लागतं. रेमोने वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतः दिले, कव्हर स्वतः काढलं आणि पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या.

ही गोष्ट प्रेरणादायी भाषणात फिट बसते, म्हणून मला तिची जरा भीती वाटते. घरी रेकॉर्ड केलं म्हणून काही चांगलं होत नाही. आज हजारो लोक घरी रेकॉर्ड करतात आणि त्यातलं बहुतेक सगळं विसरण्यासारखं असतं, आमच्या मित्रमंडळाचं धरून. रेमोचं वेगळेपण हे की तो कुणाशी बोलतोय हे त्याला माहीत होतं. कॅसेट स्कूटरने जिथवर पोचते तिथवरच्या माणसांशी. सुरुवातीच्या काळातल्या त्याच्या एका गाण्याचं नाव आहे ‘ओड टु ग्रॅहम बेल’. ग्रॅहम बेलला उद्देशून म्हटलेलं स्तोत्रच जणू, आणि विषय काय, तर आपल्याकडचे न चालणारे टेलिफोन. ज्याने सरकारी फोनचा डायल फिरवून फिरवून बोट दुखवून घेतलंय, त्यालाच ते पुरतं कळणार. भाषा इंग्रजी, वाद्यं रॉकची, पण बोलणं पारावरचं. किंवा गोव्याच्या हिशेबात म्हणायचं तर बाल्कावांवरचं, घरापुढच्या त्या दगडी बाकांवरचं.

म्हणून रेमोबद्दल ‘वेस्टर्न आणि गोवन संगीताचं फ्युजन’ असं लिहिलेलं वाचलं की मला वाटतं, लिहिणाऱ्याने नुसती वाद्यांची यादी वाचलेली आहे. पोर्तुगीज फाडो, लॅटिन ठेके, बीटल्सचे स्वरमेळ, मांडोची वळणं, हे सगळं त्याच्यात आहे. पण माझ्या मते त्याचा वारसा सुरांपेक्षा वृत्तीत आहे, आणि ती वृत्ती तियात्रातल्या कांताराची. तियात्रात दोन पडद्यांच्या मध्ये गायक पुढे येतो आणि नाटकाशी काडीचा संबंध नसलेलं गाणं म्हणतो. महागाई, मंत्री, पंचायत, दारू, परदेशी गेलेला नवरा. प्रेक्षक हसतात, शिट्ट्या मारतात, पुन्हा म्हणायला लावतात. रेमो हेच करतो, हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले तेव्हा त्याने त्यांच्यासमोर ‘हॅलो राजीव गांधी’ म्हटलं. पाहुण्याशी गोड बोलत बोलत घरच्या तक्रारी ऐकवणारं गाणं. त्यावर गोव्यात टीका झाली, पाहुण्यांचा अपमान केला म्हणून. खुद्द पाहुण्यांनी मात्र गाणं आवडल्याचं कळवलं. इंग्रजी रॉकच्या नजरेने ही बंडखोरी. तियात्र बघून मोठ्या झालेल्या माणसाला त्यात नवीन काही वाटायचं कारण नाही.

‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) हा मला त्याचा सर्वांत टोकदार अल्बम वाटतो, तोही ह्याच कारणासाठी. शिवोलीच्या शेजारी हणजूण, तिथे हिप्पींचा किनारा. रेमो त्या लोकांत वाजवलेला माणूस. अमली पदार्थांविरुद्ध गाताना तो व्यासपीठावरून उपदेश करत नाही. ज्या पोरांबरोबर वाजवलं त्यांतली काही कशी वाया गेली, हे शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावं तसा त्याचा सूर लागतो.

उलट ‘ओल्ड गोवन गोल्ड’ (१९८५) मी आदराने ऐकतो आणि लवकर बंद करतो. जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी त्याने त्यात मनापासून म्हटली आहेत. पण तिथे तो स्वतः कमी दिसतो. जुन्या घरातलं लाकडी सामान पुसून, चकचकीत करून मांडलंय, आणि आपण दारातून बघतोय. वारशाची सेवा करताना तो अवघडतो, आणि वारसा विसरून टेलिफोनवर चिडतो तेव्हा पुरता गोव्याचा होतो. आमच्या वादात मी हेच घेऊन उभा असतो आणि दरवेळी हरतो, कारण ते म्हणतात, “मग तारपा नकोच का?”

उतारही सांगायला हवा. ‘जलवा’नंतर (१९८७) हिंदी सिनेमाला एक आवाज सापडला आणि त्याने तो मसाल्यासारखा वापरला. समुद्र हवा, पार्टी हवी, जरा ‘गोवा’ हवा, की रेमो. ‘हम्मा हम्मा’ गाणं म्हणून जबरदस्तच आहे, पण ते रेहमानचं आहे. त्यात रेमोच्या जागी दुसरा खर्जातला, मस्तीखोर आवाज चालला असता. ‘ओ मेरी मुन्नी’ (१९९८) तर त्याचं स्वतःचं, टीव्हीवर सारखं वाजलेलं, आणि त्यात शिवोली शोधून सापडत नाही. ते गाणं कुठल्याही शहरातल्या कुठल्याही पोराचं असू शकतं. ऐकणारे कोटींनी वाढले आणि शेजारी नाहीसे झाले. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली तोवर बहुतेक भारतासाठी तो ‘हम्मा’वाला होता.

आता पुन्हा आमच्या किनाऱ्यावर. पोर्तुगीज इथेही होते, हे शाळेत शिकतो आणि विसरतो. वसईत दोनशे वर्षं, १५३४ ते १७३९. तारापूरचा किल्ला त्यांचाच. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो घेताना बाजी भिवराव तिथे पडले. गोव्याहून ते गेले १९६१ मध्ये, इथून त्याच्या दोनशे बावीस वर्षं आधी. वसईच्या गावांत ख्रिस्ती लग्नाला ब्रास बँड वाजतो, कुपारी बायकांची गाणी आहेत. वैतरणेच्या उत्तरेला त्यातलं जवळपास काही जाणवत नाही. आमच्याकडे जे मिसळलंय ते नंतरचं आहे. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, मग एमआयडीसी आली, आणि बोईसर हे गाव राहिलंच नाही. एका चाळीत भोजपुरी वाजतं, दुसरीत खानदेशी. मच्छीमार गावांत कोळीगीतं, पूर्वेला तारपा, ढोल आणि गौरीचा नाच. संध्याकाळी डहाणू लोकलच्या एका डब्यात उभे राहा, फोनच्या स्पीकरवर सगळं मिळून एकदम ऐकू येतं, आणि कुणी हेडफोन लावायला तयार नसतं. बोईसरच्या रेमोला फ्युजन शोधत जायची गरज नाही.

पण एक मोठा फरक आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. रेमो जे मिसळत होता ते त्याच्या घरातलं होतं. मांडो हे मुळात गोव्याच्या सुखवस्तू ख्रिस्ती घरांतलं गाणं, आणि रेमो त्याच जगातला. पोर्तुगीज, कोकणी, बीटल्स, सगळ्या चाव्या त्याच्याच खिशात. त्याने कुणाकडून काही उचललं, असा प्रश्नच आला नाही. (गोव्यातल्या गावड्या-कुणब्यांच्या गाण्यांबाबत हा प्रश्न विचारता येईल, पण तो वेगळा लेख.) आमच्याकडे तारपा एकाच्या घरात आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या. मी किंवा माझा मित्र तारप्याचा तुकडा बीटखाली घालतो तेव्हा त्याचं नाव फ्युजन नसून उसनवारी असतं, आणि उसनवारीत निदान कुणाकडून घेतलं ते तरी लक्षात ठेवायचं असतं.

चित्राचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. डहाणूजवळच्या कलंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हसे ह्यांनी भिंतीवरची वारली चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तो वेटोळा ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. पण त्या वेटोळ्याच्या मधला माणूस काय वाजवतोय, ते ऐकलेलं आहे असं मुंबईत दहा जणांना विचारून बघा. चित्र आवाजाशिवाय प्रवास करू शकलं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांचं नाव २०२६च्या पद्मश्रींच्या यादीत आलं तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी अभिनंदनाचं पोस्टर टाकलं. नव्वदीतले तारपावादक, घरात पिढ्यांपासून तारपा. पोस्टर टाकणाऱ्यांत मीही होतो. त्यांचं वादन सलग दहा मिनिटं मी त्यानंतर पहिल्यांदा ऐकलं.

आणि ऐकल्यावर कळलं की ते आमच्या बीटवर का बसत नाही. प्रत्येक तारप्याचा स्वर वेगळा. भोपळा जसा वाढला, नळी जशी मिळाली, तसा. तो कीबोर्डच्या पट्टीत चपखल बसत नाही. म्हणजे गिटार तारप्याला लावून घ्यायला हवी, तारपा गिटारला नव्हे. तसंच लयीचं. वाजवणारा नाचणाऱ्यांकडे बघत लय ओढतो, सोडतो. त्याच्या कानात क्लिक ट्रॅक घातला की तो नाच बघायचं सोडून मशीन बघायला लागेल. आणि सॅम्पल करायचा म्हणजे चार मात्रांचा तुकडा कापून फिरवत ठेवायचा. ज्या वाद्याची सगळी ताकद न तुटणाऱ्या श्वासात, त्याचा श्वास कापायचा. हळदीला नेमकं तेच झालं होतं. एकच तुकडा पंधरा मिनिटं फिरत होता, चाल बदलत नव्हती, म्हणून आमचे पायही एकदाही बदलले नाहीत. दमलो आणि बसलो.

एकदा रेमो अशा दृष्टीने ऐकून बघा. वाद्यं कुठलीही असोत, प्रत्येक थर गाणाऱ्या माणसाभोवती फिरतो. तो मधोमध उभा असतो. सिनेमात गेल्यावर तोच गोलाच्या कडेला सरकला.

इथला रेमो बहुधा पाड्यावरूनच येईल, आणि त्याला माझ्या लेखाची गरज नसेल. महादेव कोळी समाजातली माही जी रॅप करते. तिच्या शब्दांत जंगल येतं ते पोस्टरवरचं नसतं, हक्काचं असतं. आमच्या भागातही पोरं फोनवर गाणी रेकॉर्ड करून टाकतात. आवाज फाटलेला, व्हिडिओत ट्रॅक्टर, आणि शब्दांत कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलेल्या पोरीची थट्टा. त्यातलं बरंचसं कच्चं आहे, पण ते शेजाऱ्याशी बोलतं.

त्या हळदीची एक गोष्ट सांगायची राहिली. मी दुपारीच पोचलो होतो. मांडवात एक म्हातारी आणि तिच्याबरोबर दोघी बाया गात होत्या, माइक नाही, काही नाही. वारल्यांमध्ये लग्न लावते ती धवलेरी, आणि लावते ती गाऊन. भटजीच्या जागी गाणारी बाई. कोण आलंय, कोण रुसलंय, ते ती मधेच गाण्यात घेत होती, कारण बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या. शब्द मला अर्धेच कळले. मी तेव्हा ताट वाढून घेत होतो आणि मित्राला फोनवर सांगत होतो, “अजून काही सुरू नाही झालंय, आरामात ये.”

रात्री निघताना कीबोर्डवाल्याकडे गेलो. तो वायरी गुंडाळत होता. विचारलं, दादा, तो तारपा कुणाचा आहे, वाजवलाय कोणी? म्हणाला, “पेन ड्राइव्हमध्ये आला, सगळ्यांकडे तोच आहे.” मग थोडा वेळ विचार करून म्हणाला, “माझा आजा वाजवायचा. पण हा त्याचा नाय.”